पियानो बिघडवण्याचं काम

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाणं त्याला येत नव्हतं. वाजवायचा तो एका हाताने, तेही घरात कुणी नसताना. पण शहरातल्या मोठ्या सभागृहाचा पियानो गेली छत्तीस वर्षं तोच सुरात लावत होता, आणि त्याचा कान असा तिखट की शेजाऱ्यांच्या फाटकाची कडी जराशी कुरकुरली तर हा सकाळी तेलाची बाटली घेऊन त्यांच्या दारात हजर. घरातले दोन कप एकमेकांवर आपटले की सूर जुळत नाही, म्हणून त्यातला एक त्याने कुणाला तरी देऊन टाकला होता, असं त्याची बायको सांगायची. ती थोडं तिखटमीठ लावून सांगायची हे खरं, पण तो कप घरात नव्हता हेही खरं.

तर अशा माणसाचे कान गेले.

गेले म्हणजे सगळे नाही. माणसांचं बोलणं, जिन्यावरची पावलं, पियानोचा खर्ज आणि मधला सगळा भाग त्याला अजून लख्ख ऐकू यायचा. गेलं ते वरचं टोक. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, ते घड्याळ बंद करा की. केव्हाचं कोकलतंय." त्याने घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ नुसतं लुकलुकत होतं. त्याने बटण दाबलं, चहा अर्धा टाकून सभागृह गाठलं आणि पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. हातोडी तारेवर बसल्याचं टक ऐकू आलं. टकच्या मागून जो सूर यायचा, तो दाराबाहेरूनच परत गेला होता.

पियानोत मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन तारा असतात. तिन्ही जुळल्या तर एकच सूर ऐकू येतो, आणि केसभर तफावत असली तर सूर हेलकावे खातो. खुंटीवर किल्ली बसवायची, हलकेच फिरवत राहायचं आणि हेलकावा थांबला की आपणही थांबायचं. विद्या एवढीशीच, पण ती शिकता शिकता माणूस म्हातारा होतो. आणि हेलकावाच ऐकू येईना तर थांबायचं कुठे?

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन, मापात करून द्यायची. एका झग्याची दुमड घालता घालता तिने सगळं ऐकून घेतलं.

"हेलकावा थांबला की सांगायचं, एवढंच ना?" ती म्हणाली. "मग मी येते. दूध उतू जायच्या आधी मला बसल्या जागी कळतं, हे का कळणार नाही?"

तोवर तिने सभागृहात कधी पाऊल टाकलं नव्हतं, निदान कामाच्या वेळी तरी नाही. काम करताना आसपास कुणी नको, हा त्याचा पहिल्यापासूनचा नियम होता. तो नियम त्या दिवशी मोडला. तेव्हापासून ती शिवणाची पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसायची, आणि वरच्या सुरांशी आलं की सुईवरची नजर न काढता बोट वर करायची. लोकांना सांगायचं काय, तर घरी एकटीला करमत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो म्हणायचा. "उघडा एकदाची," असं ती म्हणायची. "चोरी केलीय का आपण?" पण कानसेन म्हणवून घेतलेल्या माणसाने कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याची छाती होत नव्हती.

त्यातच सभागृहाशी असलेला त्याचा करार यंदा संपत होता. व्यवस्थापक साहेब जाता जाता म्हणाले होते, "हल्ली मशीन बघून सूर लावणारी मुलं मिळतात म्हणे. तुमचा प्रश्नच नाही म्हणा. पण बसून बोलू. इटलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी." तुमचा प्रश्नच नाही, असं कुणी म्हटलं की समजावं, प्रश्न आपलाच आहे. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

इटलीचा कार्यक्रम म्हणजे इटालियन चित्रपटांतल्या संगीताची मैफल. सत्तर वादकांचा पूर्ण वाद्यवृंद, वर कुठून कुठून बोलावलेले मँडोलिनवाले, ॲकॉर्डियनवाले, आणि शब्दांशिवाय नुसत्या आवाजात गाणारी एक उंच बाई. आठवडाभर आधीपासून सभागृहाला काहीतरी झालं होतं. बाहेरच्या दालनात लांब पापण्यांच्या बायकांची काळीपांढरी चित्रं लागली. जिन्याखाली कुणीतरी ट्रम्पेटवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घासत बसायचं, आणि ती ऐकताना झाडूवालासुद्धा झाडू टेकून उभा राहायचा. भर दुपारी खुर्च्यांच्या रांगांमधून चालताना कानसेनला वाटायचं, आपण कुठल्या तरी समुद्रकाठच्या गावात आलोय, आणि गावातली सगळी माणसं झोपलीयत.

पाहुण्या संचालिकाबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. ऑर्केस्ट्राची कंडक्टर येणार म्हटल्यावर बायकोने "तिकिटं पण फाडणार का?" असं विचारून घेतलं होतं. पण या बाई बोलायला गोड निघाल्या. मोठ्या पियानोवर दोन्ही हात फिरवून त्या म्हणाल्या, "काका, हा फारच छान लागलाय. आता मला एक वाईट हवाय."

"वाईट?"

"तळघरात जुना उभा पियानो आहे ना, तो वर आणा. पण सुरात नको. एका जुन्या चित्रपटातली चाल आहे. किनाऱ्यावर एक कॅफे, ते चालवणारी एक बाई, आणि कॅफेत हा पियानो. वर्षानुवर्षं कुणी न बघितलेला." आणि त्यांनी ती चाल गुणगुणली.

कानसेन जागच्या जागी थबकला. हा चित्रपट त्याने पाहिला होता! लग्नाला आठवडा झाला होता तेव्हा, बायकोला घेऊन. पुढच्या रांगेत एक ताडमाड माणूस बसलेला, आणि पडद्याच्या खाली जे भाषांतर येत होतं ते सगळं त्याच्या डोक्याआड. एक अक्षर कळलं नाही. बाई रोज संध्याकाळी कॅफे बंद करून पियानोवर एका हाताने चाल वाजवते आणि समुद्राकडे बघते, एवढंच दिसलं. ती भावाची वाट बघतेय, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याची, असं बायकोचं. तो वाद तेव्हा घरी चालत येताना सुरू झाला तो आजतागायत मिटला नव्हता.

पण बेसूर पियानो? धडधाकट माणसाला जरा आजारी पाडा असं डॉक्टरला सांगावं, तसं झालं हे. त्यातून गंमत अशी की तळघरातल्या त्या पियानोला कुणी हात लावत नसलं, तरी हा दर तीन महिन्यांनी त्यालाही सुरात लावून ठेवायचा. आपल्या छपराखाली एक वस्तू बेसूर आहे, ही कल्पनाच त्याला सोसायची नाही. नसता उद्योग केला नसता तर हे काम आपोआप होऊन बसलं असतं.

मैफलीच्या दोन दिवस आधी तो एकटाच कामाला बसला. मधल्या पट्ट्यांचं काम, तिथे बायकोची गरज नव्हती. किल्ली लावली, खुंटी सैल केली, सूर घसरला. त्याच्या अंगावर काटा आला. दुसरी केली, तिसरी केली. तासाभराने त्याने पहिल्यापासून वाजवून पाहिलं तर पियानो उत्तम सुरात होता. हाताने आपलं आपण परत सगळं जाग्यावर नेऊन ठेवलं होतं. हाताला कोण सांगणार? मग तो वैतागला आणि प्रत्येक पट्टीची एक तार मोजून तेवढीच उतरवत गेला, एकही न चुकवता.

संचालिकाबाईंनी वाजवून पाहिलं. चार ओळींनंतर थांबल्या.

"काका, हा बिघडलेला नाही. हा बिघडवलाय. सगळ्या पट्ट्या कशा शाळेतल्या रांगेसारख्या बिघडल्यात." मग जरा विचार करून म्हणाल्या, "उद्या अकराला तालीम आहे. तोवर जमलं तर बघा. नाहीतर इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर बटण असतं, जुना पियानो म्हणून. ते वापरू."

"मशीनवर होतं सगळं हल्ली," मागे उभे असलेले व्यवस्थापक साहेब म्हणाले.

दुपारी बायको डबा घेऊन आली. त्याने डबा उघडलाही नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "मला एकदा नाटकवाल्यांनी नवा कोट जुना करून मागितला होता, आठवतं? मी सगळीकडून सारखा घासला. तर तो जुना दिसेचना, नुसता धुतलेला दिसायला लागला. मग मी विचार केला, हा माणूस कोपर कुठे टेकत असेल? कुठल्या खिशात हात घालून उभा राहत असेल? तिथेच झिजवला. झाला जुना."

"मग?"

"मग हा पियानो कुठे ठेवला होता ते आधी ठरवा."

रंगमंचावर दुपारची सामसूम होती. वादक जेवायला गेले होते. वरच्या झरोक्यातून एक तिरपा उजेड येत होता, आणि त्यात धूळ इतकी सावकाश खाली येत होती की कुठे जायची घाई नसावी तिला. कानसेनने पियानोचं झाकण उघडलं. बायको त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"खिडकीपाशी," तो म्हणाला. "डावी बाजू खिडकीकडे. समुद्राचा वारा इकडून."

"मग डावीकडच्या तारा गंजल्या असतील."

त्याने खर्जाच्या तारा सैल सोडल्या. सगळ्या नाहीत, खिडकीजवळच्या जास्त, आतल्या कमी. सूर जड झाले, ओलसर झाले.

"मुलं येत असतील कॅफेत?"

"येणारच. आणि मुलं मधलंच बडवतात. उंची तेवढीच असते त्यांची."

त्याने मधल्या चार पट्ट्या पार वाकड्या करून टाकल्या. एरवी या पापासाठी त्याने स्वतःला माफ केलं नसतं. आज त्याला त्या मुलांचे वाळूने भरलेले पाय दिसत होते. कुणीतरी पियानोवर गरम भांडं ठेवलं होतं, त्याच्या खालचा एक सूर चढला. एका वर्षी पाणी आत आलं, खालच्या दोन पट्ट्या फुगल्या. एकदा एक खलाशी नशेत या पियानोवर डोकं ठेवून झोपला होता, असं बायको म्हणाली, आणि त्याच्या डोक्याखाली नेमक्या कुठल्या पट्ट्या होत्या यावर दोघांनी बराच खल केला. उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर सरकला. कानसेनला आता किल्ली फिरवताना वाईट वाटत नव्हतं. एखाद्या ओळखीच्या माणसाच्या तोंडावर सुरकुत्या कुठे पडल्यात ते आठवून सांगावं, तसं ते काम झालं होतं.

"आणि ती बाई एका हाताने वाजवायची ती चाल?" त्याने विचारलं.

"तेवढ्या पट्ट्या तिने जपल्या असतील. नवऱ्याला आवडायची ना चाल."

"भावाला."

"बरं, भावाला. पण जपल्या असतील."

चालीतले सूर त्याने परत जुळवून घेतले. एकाच तारेत किंचित हेलकावा ठेवला, बोलता बोलता आवाज दाटून येतो तेवढा. राहिल्या वरच्या तीन पट्ट्या. ती चाल शेवटी वर वर चढत जाते आणि तिथे संपते. तळघरातून वर आणताना बसलेल्या धक्क्यांनी त्यांचे सूर हलले होते, असं बायकोच म्हणाली. त्याला नुसतं टक ऐकू येत होतं.

"या कशा ठेवायच्या?" त्याने विचारलं.

"सुरात," ती म्हणाली. "इतक्या वर कुणाचा हात जातोय? तिच्याशिवाय कुणी लावलाच नसेल."

तो तिच्या बोटाकडे बघायला लागला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने किल्ली तिच्या हातात दिली. छत्तीस वर्षांत ती किल्ली त्याने कुणाला धरू दिली नव्हती. "खुंटी मी दाखवतो. फिरव तू, थांबही तूच. मी बघून थांबेपर्यंत केसभर उशीर होतो."

तिने सुई धरावी तशी किल्ली धरली. तीन पट्ट्यांना तिला पाऊण तास लागला. प्रत्येक वेळी ती स्वतःशीच "थांबला" म्हणायची आणि हात काढायची. हेलकावा थांबला की नाही हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. तिच्या तोंडाकडे बघून तो पुढची खुंटी दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी अकराला संचालिकाबाईंनी ती चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. मग पट्ट्यांवर तसेच हात ठेवून बसल्या. "कुणाचा होता हा, काका?" त्यांनी हळूच विचारलं. तो सांगणार होता, एका बाईचा, पण नुसता हसला.

मैफलीच्या संध्याकाळी दोघं शेवटच्या रांगेत बसली. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती आणि तिची पिशवी पहिल्यांदाच घरी राहिली होती. दिवे मंद झाले. वाद्यवृंदाने एकामागून एक चाली अशा उलगडल्या की लोक टाळ्या वाजवायचे ते जरा उशिरानेच, झोपेतून उठल्यासारखे. मँडोलिनवाल्यांनी एक भर दुपार आणली. ट्रम्पेटवाल्याची ती घासूनपुसून तयार केलेली ओळ इतकी एकटी निघाली की कानसेनने डोळे मिटून घेतले. आणि मग सगळी वाद्यं थांबली, एक दिवा उरला, आणि त्या दिव्याखाली तो जुना पियानो वाजू लागला.

खारा वारा आला. मुलं आली, खलाशी आला, फुगलेल्या पट्ट्या कण्हल्या. सभागृहात आठशे माणसं होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या सगळ्या मोडतोडीतून ती चाल एका हाताने चालत आली, आणि कानसेनला तिचा प्रत्येक सूर ऐकू आला. मग चाल वर चढायला लागली. एक पायरी, दुसरी पायरी, आणि त्याच्यासाठी जिना तिथेच संपला. वादकाचे हात अजून हलत होते. एवढ्या दुरून टकसुद्धा ऐकू येईना.

त्याने आजूबाजूला पाहिलं. पलीकडचा म्हातारा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. एक मुलगी रडत होती. शेजारी बायको बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे त्याने लग्नानंतरच्या त्या आठवड्यात पाहिलं होतं आणि नंतर पाहायचं राहून गेलं होतं. आठशे माणसं जे ऐकतायत ते या बाईने लावलंय, आणि ते फक्त आपल्याला ऐकू येत नाही. आणि नाव मात्र आपलं. त्याला फार लाज वाटली. अभिमानही वाटला, पण आधी लाज.

मध्यंतर होताच तो तडक व्यवस्थापकांच्या खोलीत गेला. कराराचा कागद टेबलावर तयार होता.

"या, कानसेन! काय पियानो लावलात हो. म्हणजे काढलात. काय म्हणायचं ते. करा सही."

"साहेब, सही नको. मला वरचं ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. माझी बायको ऐकते आणि मी फिरवतो. आजचे शेवटचे तीन सूर तर लावलेही तिनेच. तुम्ही मशीनवाला मुलगा बघा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सुटलो," ते म्हणाले. "दोन वर्षं वाट बघतोय, तुम्ही कधी सांगाल म्हणून. शेवटी मशीनची भीती घालून बघितली, तरी तुम्ही हूं नाही की चूं नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या पहिल्या रांगेत येऊन बसायला लागल्या आणि वरचे सूर एकदम बरोबर लागायला लागले, तेव्हाच कळलं."

कानसेनला नीट समजलं नाही. साहेब जरा चाचरले. "आता बोलायला हरकत नाही. त्याआधी आठदहा वर्षं ते जरा चढेच लागत होते. बाहेरचे पियानोवादक जाताना हळूच सांगून जायचे. मी म्हणायचो, असू द्या, आमच्या कानसेनला तसेच आवडतात."

आठदहा वर्षं! त्या सगळ्या वर्षांत त्याने शेजाऱ्यांच्या कड्यांना तेल घातलं होतं, कपांना नावं ठेवली होती. तो खुर्चीत बसला. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "करार दोघांच्या नावाने करू. बोलवा त्यांना."

तो बाहेर आला. बायको दालनात त्या लांब पापण्यांच्या बायकांची चित्रं बघत उभी होती. त्याचा चेहरा पाहून ती लगबगीने आली.

"सांगितलंत?"

"सांगितलं. दोघांच्या नावाने करार करू म्हणाले. वरचे सूर दोन वर्षांपासून बरोबर लागतायत म्हणे."

"बघा! मी काय म्हणत होते?"

"त्याआधी आठदहा वर्षं चुकत होते."

तिने त्याच्या खांद्यावरचा एक दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळला.

"तू आधीच यायला हवं होतंस," तो म्हणाला.

"तुम्ही बोलवायला हवं होतं," ती म्हणाली.

मध्यंतर संपल्याची घंटा झाली, लोक आपापल्या जागी परतू लागले, आणि ती दोघं सही करायला आत गेली.